कार्डावर दोन रेषा आल्या, पण गर्भ आहे कुठे?

ओपीडीत येणाऱ्या बायका प्रेग्नन्सीचं कार्ड फार जपून आणतात. कोणी रुमालात गुंडाळून, कोणी मोबाइलच्या कव्हरमध्ये सरकवून. एकीने तर चष्म्याच्या घरात घालून आणलं होतं. टेबलावर ठेवायचं, दोन रेषांकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, "मॅडम, दिवस गेलेत." मीही हसते. पण तालुक्याच्या गावात इतकी वर्षं बाळंतपणं केल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो वेगळाच: दिवस गेलेत खरे, पण गर्भ आहे कुठे?

कार्डाला ते ठाऊक नसतं. गर्भाभोवतीच्या, पुढे ज्यांची वार बनते त्या पेशी एचसीजी नावाचं संप्रेरक तयार करतात. ते लघवीत उतरलं की दुसरी रेष उमटते. गर्भ पिशवीत असो की पिशवीबाहेर, रेष सारखीच. आणि शंभर गरोदरपणांत एक-दोनदा तो पिशवीबाहेर असतो. संमतीपत्रावर आम्ही 'अस्थानिक गर्भधारणा' लिहितो, आपसात 'एक्टोपिक' म्हणतो, आणि बायका म्हणतात, 'नळीत राहिला'. मला हे तिसरं नाव सगळ्यात नेमकं वाटतं, कारण नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा तो नळीतच असतो. उरलेल्यांत कधी अंडाशयावर, कधी पिशवीच्या तोंडाशी, फार क्वचित पोटाच्या पोकळीत. आधीच्या सिझेरियनच्या व्रणात रुजलेले गर्भही आता पूर्वीपेक्षा जास्त दिसतात. सिझेरियन वाढले, तसे तेही वाढले.

गर्भनलिका म्हणजे पिशवीच्या दोन्ही खांद्यांवरून निघालेल्या दोन नळ्या. लांबी गवारीच्या शेंगेएवढी, दहा-बारा सेंटिमीटर. पुष्कळांना वाटतं की शुक्राणू आणि अंडं पिशवीत भेटतात. तसं नाही, ते नळीच्या बाहेरच्या रुंद भागात भेटतात. तिथून गर्भाचा पिशवीकडे प्रवास सुरू होतो. त्याला हातपाय नाहीत, स्वतःची चाल नाही. नळीच्या आतल्या अस्तरावर अतिसूक्ष्म केस असतात, ते एका दिशेने हलत राहतात, नळीचे स्नायू हलके आकुंचन पावतात आणि गर्भ पुढे सरकतो. तीन-चार दिवसांत पिशवीत, आणि सहाव्या-सातव्या दिवशी अस्तरात रुजायला सुरुवात. गोम अशी की रुजण्याची वेळ गर्भ स्वतःच्या घड्याळाने ठरवतो. वाटेत अडकला म्हणून तो थांबत नाही. वेळ झाली की जिथे असेल तिथेच मूळ धरतो.

पिशवी यासाठीच घडलेली असते. जाड स्नायूंची भिंत, आत दर महिन्याला तयार होणारी गादी, वाढत जाण्याची सोय. नळीत यातलं काहीच नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ उगवलेला पाहिलाय ना? रोप हिरवंगार, टवटवीत. त्याची काहीच चूक नसते. पण त्याची मुळं चुन्यात शिरतात, दगड सरकतात आणि एखाद्या पावसाळ्यात भिंत बसते. नळीतला गर्भ तसाच. वारेच्या पेशी रक्तवाहिन्यांत घुसण्यासाठीच बनलेल्या असतात. पातळ नळीत त्या घुसल्या की एक दिवस नळी फाटते आणि रक्त पोटात साचायला लागतं. नळीच्या अरुंद भागात गर्भ असेल तर हे सहाव्या ते आठव्या आठवड्यातच होतं, बाहेरच्या रुंद भागात थोडं उशिरा. पिशवीच्या भिंतीतून जाणाऱ्या नळीच्या टोकाशी असेल तर आणखी उशिरा, पण तिथला रक्तस्राव फार भयंकर असतो.

"मग तो उचलून पिशवीत नाही का ठेवता येणार?" हा प्रश्न नवरे हमखास विचारतात, आणि तो मुळीच खुळा नाही. टेस्ट ट्यूब बेबीत गर्भ बाहेरून पिशवीत सोडतातच की. पण तो पाच-सहा दिवसांचा, अजून कुठेही न रुजलेला गर्भ असतो. नळीत एकदा मुळं धरलेला गर्भ उपटून दुसरीकडे लावण्याचं तंत्र आज जगात कुठेही नाही.

असं का झालं, याला बहुतेक वेळा नळीची आतली इजा जबाबदार असते. क्लॅमिडिया, गनोरिया यांसारखे संसर्ग ते सूक्ष्म केस झडवून टाकतात, आत जाळी-चिकटे तयार करतात. बाईला त्याचा पत्ताही नसतो. कधीतरी अंगावरून पांढरं गेलं, ओटीपोट दुखलं, एवढंच आठवतं. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग हेही मोठं कारण. आधी एकदा एक्टोपिक झालेलं, नळीवर शस्त्रक्रिया झालेली, आयव्हीएफचे (टेस्ट ट्यूब बेबीचे) उपचार, धूम्रपान यांनीही धोका वाढतो. तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बायका मला विचारतात तेव्हा मी सांगते की अभ्यास सिगारेटचे झालेत, पण मिश्री सोडायला कारणं काय कमी आहेत? आणि हेही सांगायला हवं की साधारण निम्म्या जणींत यातलं एकही कारण सापडत नाही. म्हणून सासूबाईंनी "हिने जड उचललं" किंवा "पपई खाल्ली" म्हणून सुनेकडे पाहायचं काही कारण नाही. पपईने गर्भ नळीत अडकत नाही.

दोन गैरसमजांवर मात्र जरा थांबायला हवं. पहिला, "माझं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालंय, मला दिवस कसे जातील?" ऑपरेशननंतर दिवस जाणं दुर्मीळ आहे, पण गेलेच, तर अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत अशा गरोदरपणांपैकी जवळजवळ तीनातलं एक पिशवीबाहेर निघालं. बांधलेल्या नळीत कधी बारीकशी वाट तयार होते. शुक्राणू त्यातून जातो, वाढलेला गर्भ परत येऊ शकत नाही. महाराष्ट्रात हे ऑपरेशन झालेल्या बायका घरोघरी आहेत, त्यामुळे चाळिशीच्या आतल्या बाईची पाळी चुकून पोट दुखत असेल तर "माझं ऑपरेशन झालंय" हे ऐकून आम्ही कार्ड टेस्ट टाळत नाही, उलट आधी करतो. तांबीचंही तसंच. तांबीमुळे एकूण एक्टोपिक कमीच होतात, कारण दिवसच जात नाहीत. पण तांबी असताना दिवस गेले, तर तो गर्भ नळीत असण्याचा संशय आधी घ्यायचा.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे. पाळी चुकली, कार्डावर दोन रेषा आल्या, मूल नको आहे, म्हणून औषधाच्या दुकानातून गर्भपाताच्या गोळ्यांचं पाकीट आणायचं आणि घरीच घ्यायचं. या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी मिळतात. त्यातली एक गोळी पिशवीतल्या अस्तराचा आधार काढून घेते, दुसरी पिशवीला कळा आणते. नळीतल्या गर्भावर त्यांचा भरवशाचा उपाय होत नाही. पण पिशवीतलं अस्तर पडतं, भरपूर अंगावरून जातं, आणि बाई समजते की सुटले. एक आठवड्याने पोट फुगून, पांढरीफटक होऊन ती रिक्षातून उतरवली जाते. माझ्याकडे आलेल्या एकीने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, स्ट्रेचरवर माझा हात धरून पुटपुटली, "मॅडम, गोळ्या घेतल्या होत्या, यांना सांगू नका." तिच्या पोटातून आम्ही दीड लिटरच्या वर रक्त काढलं. म्हणून गोळ्या घ्यायच्याच असतील, तर आधी सोनोग्राफीत गर्भ पिशवीत आहे हे पाहून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कायदा तो हक्क देतो, लपून करायची गरज नाही.

लक्षणं पुस्तकात तीन: पाळी चुकणं, ओटीपोटात एका बाजूला दुखणं, थोडंथोडं काळपट अंगावरून जाणं. प्रत्यक्षात तिन्ही एकत्र येतातच असं नाही. पुष्कळ जणी सांगतात, "पाळी आली होती की, फक्त जरा कमी आणि डागाळल्यासारखी." ती पाळी नसते. कधीकधी पिशवीचं अस्तर सबंध साच्यासारखं पडतं आणि घरच्यांना वाटतं की गर्भ पडून गेला. काहींना पोट बिघडल्यासारखं वाटतं, संडासला लागल्याची भावना होते, कारण रक्त पिशवीमागच्या खोलगट जागेत साचून गुदाशयावर दाबतं. अशांना जुलाबाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं जातं.

आणि एक खूण आहे, जी कळली की विसरता येत नाही: खांदा दुखणं. पोटातलं रक्त, विशेषतः बाई आडवी झाली की, वर पोट आणि छातीमधल्या पडद्यापर्यंत पोहोचतं. त्या पडद्याची नस मानेतून निघते, आणि खांद्याच्या कातडीच्या नसाही मानेच्या त्याच भागातून. मेंदूचा पत्त्यात घोळ होतो आणि तो खांद्याचं दुखणं म्हणून नोंद करतो. पाळी चुकलेल्या बाईचं पोट दुखतंय आणि खांद्याच्या टोकाशी कळ येतेय, तर बाम लावत बसायचं नाही. घेरी आली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर १०८ ला फोन करायचा, आणि जिथे ऑपरेशन आणि रक्ताची सोय आहे तिथेच जायचं. वाटेत चहा-पाणीही द्यायचं नाही, कारण पोहोचल्या पोहोचल्या भूल द्यावी लागू शकते.

तरुण बाईचं शरीर फार सोसतं, हीच अडचण. रक्त जात असताना नाडी वाढते, हातपाय गार पडतात, पण रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो, आणि मग एकदम कोसळतो. हिमोग्लोबिनही फसवतं. "रिपोर्ट तर साडेदहाचा आहे, मग इतकी घाई कशाला?" असं विचारणाऱ्या भावाला मी सांगितलं होतं, की अर्धं ताक सांडलं तरी उरलेल्या ताकाचा आंबटपणा तेवढाच राहतो. सलाईनचं पाणी मिसळलं की खरा आकडा दिसतो. तोवर वाट पाहायची नसते.

आता निदान. बाई स्थिर असेल तर पहिली तपासणी सोनोग्राफी, तीही आतून करायची. लघवी करून मूत्राशय रिकामं ठेवून झोपवतात, बारीक प्रोब योनीमार्गातून घालतात. त्याने गर्भाला धक्का लागत नाही. पोटावरून जे दिसत नाही ते जवळून दिसतं, एवढाच फरक. (पोटात कळ येत असली तरी आधी फॉर्म 'एफ' भरावा लागतो. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याची ती अट आहे. नातेवाईक चिडतात, पण सही करा, दोन मिनिटं लागतात.) पिशवीत गर्भाची थैली आणि तिच्यात योक सॅक, म्हणजे अंगठीसारखं छोटं गोल, दिसलं की जीव भांड्यात पडतो. नुसती काळी पोकळी दिसून चालत नाही, कारण एक्टोपिकमध्येही पिशवीत थोडं पाणी साचून खोटी थैली दिसू शकते. पिशवी रिकामी, अंडाशयाच्या शेजारी वेगळी गाठ, पोटात पाणी, असं दिसलं तर चित्र जवळजवळ स्पष्ट.

पण निम्मी कसोटी अशा वेळी लागते जेव्हा काहीच स्पष्ट दिसत नाही. पिशवी रिकामी, नळीपाशीही काही नाही, कार्ड मात्र पॉझिटिव्ह. गर्भ पिशवीतच असेल पण अजून दिसण्याएवढा मोठा नसेल, किंवा पडून गेला असेल, किंवा नळीत असेल. इथे बीटा एचसीजी, म्हणजे त्याच संप्रेरकाचं रक्तातलं प्रमाण मोजणारी तपासणी, कामाला येते, आणि तीही एकदा करून नाही. ४८ तासांनी पुन्हा, शक्यतो त्याच लॅबमध्ये. एक उदाहरण घ्या. सोमवारी आकडा ९००. पिशवीतला, नीट वाढणारा गर्भ असेल तर बुधवारी तो निदान १३४० च्या आसपास पोहोचायला हवा. (दोन दिवसांत दुप्पटच व्हायला हवा, हा जुना नियम आता इतका ताणून धरत नाहीत.) बुधवारी आला ११८०. वाढला, पण रेंगाळत. निम्म्यावर घसरला असता तर गर्भ आपोआप जातोय असं म्हटलं असतं. हे अर्धवट रेंगाळणं संशयाचं. तरी यावरच निवाडा होत नाही. एक्टोपिकमधल्या साधारण पाचातल्या एकीचे आकडे अगदी निरोगी गर्भासारखे वाढतात. म्हणून आकडा आणि सोनोग्राफी शेजारी ठेवून पाहायचं. साडेतीन हजारांच्या वर आकडा गेला आणि तरी पिशवी रिकामी, तर मग चांगली बातमी मिळण्याची आशा फारशी उरत नाही. "दोन दिवसांनी पुन्हा या" असं सांगितलं की डॉक्टरला समजत नाही असा अर्थ काढून लोक दुसऱ्या दवाखान्यात जातात, तिथे पुन्हा पहिल्यापासून सुरू. त्या दोन दिवसांत दुखणं वाढलं तर मात्र दिवस मोजायचे नाहीत, लगेच यायचं.

उपचारांचे तीन मार्ग. आकडा कमी असेल, आपोआप उतरत असेल, दुखत नसेल, तर काही न करता फक्त तपासण्या करत राहणं. हे ऐकायला सोपं आणि करायला अवघड. वाट पाहणारीला झोप लागत नाही आणि आम्हालाही.

दुसरा मार्ग मेथोट्रेक्सेटचं इंजेक्शन. केमिस्टकडे चिठ्ठी गेली की तो हमखास सांगतो, "हे तर कॅन्सरचं औषध आहे", आणि नातेवाईक घाबरून परत येतात. खरंच आहे ते. भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉलिक ॲसिडवर काम करत होते. पेशींना विभागायला फॉलिक ॲसिड लागतं. त्याच्यासारखाच दिसणारा पण काम अडवणारा रेणू बनवला तर? त्यातून ॲमिनोप्टेरिन आणि मग मेथोट्रेक्सेट आलं. १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिलं. पुढे १९५६ च्या सुमाराला अमेरिकेतच वारेच्या पेशींचा कॅन्सर मेथोट्रेक्सेटने बरा झाला, आणि लक्षात आलं की या औषधाला वारेच्या पेशी फार लवकर शरण येतात. नळीतला गर्भ म्हणजे त्याच जातीच्या, झपाट्याने वाढणाऱ्या पेशी. १९८२ मध्ये जपानमधून तशा उपचाराचा पहिला यशस्वी अनुभव प्रसिद्ध झाला. आंध्रच्या एका संशोधकाच्या कामामुळे आज कितीतरी बायकांचं ऑपरेशन टळतं, आणि त्याचं नाव आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नाही, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

मात्रा शरीराच्या पृष्ठभागावरून ठरते, दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅम. पाच फूट एक इंच, बावन्न किलोच्या बाईला साधारण ७५ मिलिग्रॅम, कमरेत एक इंजेक्शन. आधी रक्त, यकृत आणि मूत्रपिंडांच्या तपासण्या. सगळ्यांना हे देता येत नाही: नळी फुटलेली नसावी, गर्भाचे ठोके दिसत नसावेत, गाठ साडेतीन सेंटिमीटरहून लहान असावी, एचसीजी शक्यतो पाच हजारांच्या खाली, आणि बाईला वारंवार तपासणीला येणं जमायला हवं. शेवटची अट मी सगळ्यात कडकपणे पाळते. डोंगरातल्या वाडीवर राहणारी, जिथून दिवसाला एकच एसटी, तिला मी इंजेक्शन देऊन घरी पाठवणार नाही. चौथ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा बीटा एचसीजी. चौथ्या दिवशी आकडा वाढलेला दिसला तर घाबरायचं नाही, पहिले काही दिवस तसं होतं. पाहायचं ते चार ते सात या दिवसांत निदान १५ टक्के उतरला का. नाही उतरला तर दुसरं इंजेक्शन, किंवा ऑपरेशन. मग दर आठवड्याला, आकडा शून्याशी येईपर्यंत. त्याला महिना-दीड महिनाही लागतो. योग्य रुग्ण निवडली तर दहातल्या आठ-नऊ जणींना पुरतं.

पथ्य साधं, पण पाळायचं. कार्ड पॉझिटिव्ह आल्या आल्या सुरू केलेल्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या बंद, कारण औषध त्याच्याच विरुद्ध लढतंय. ब्रुफेनच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या नकोत, पॅरासिटॅमॉल चालते. दारू नको, कडक ऊन नको, संबंध नकोत. तिसऱ्या ते सातव्या दिवशी थोडं दुखू शकतं. ते औषधाचं दुखणं की नळी फुटल्याचं, हे घरी बसून ठरवू नका, येऊन दाखवा. पुढचे तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.

तिसरा मार्ग ऑपरेशन. १८८३ मध्ये बर्मिंगहॅमला लॉसन टेट यांनी फुटलेली नळी काढून रुग्ण वाचवली. तोवर फुटलेली एक्टोपिक म्हणजे बहुधा मृत्यूच होता. आज बाई स्थिर असेल तर दुर्बिणीतून, बेंबीपाशी आणि बाजूला अर्ध्या-एक सेंटिमीटरच्या छेदांतून. पडद्यावर नळीचा फुगलेला भाग दिसतो, पिकलेल्या जांभळासारखा, ताणलेला. फुटलेली असेल तर आधी सक्शनने साचलेलं रक्त ओढून घ्यायचं, मग शोध. बाई कोसळलेली असेल तर दुर्बिणीचा हट्ट धरायचा नाही. दोन जाड सुया लावून सलाईन, रक्तपेढीला फोन, आणि पोट उघडून नळी चिमट्यात पकडायची. चिमटा लागला की भूल देणारे डॉक्टर वरून म्हणतात, "आला, प्रेशर आला." त्या वाक्यासारखं दुसरं काही नाही.

"नळी वाचवा हो मॅडम." ही विनंती रोजची. चीर देऊन गर्भ काढून नळी ठेवता येते. पण दुसरी नळी चांगली असेल तर फायदा वाटतो तेवढा नसतो. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चार देशांतल्या ४४६ स्त्रियांच्या अभ्यासात नळी ठेवलेल्यांपैकी ६०.७ टक्के आणि काढलेल्यांपैकी ५६.२ टक्के जणींना तीन वर्षांत आपोआप, पिशवीत दिवस राहिले. फरक जुजबी. उलट नळी ठेवली तर गर्भाच्या काही पेशी मागे राहून पुन्हा उपचार करण्याची पाळी येऊ शकते. एका नळीने दिवस राहतात. दुसऱ्या बाजूच्या अंडाशयातलं अंडंही ती कधीकधी ओढून घेते. दुसरी नळी आधीच खराब असेल तर मात्र आम्हीही नळी वाचवायला धडपडतो. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं (पुढच्या बाळाच्या रक्ताला आईच्या शरीराने विरोध करू नये म्हणून द्यायचं) इंजेक्शन विचारून घ्या, धावपळीत ते राहून जातं.

घरी गेल्यावर लोक म्हणतात, "अजून काही झालंच नव्हतं, दीड महिन्याचं तर होतं." तिच्यासाठी ते नावं ठरवण्यापर्यंत गेलेलं असतं, आणि पोटावरचे टाके दुखत असताना तिला स्वतःचा जीव वाचल्याबद्दल आनंदही मानायचा असतो. तिला चार दिवस रडू द्यावं. "पुढच्या महिन्यात बघू" हे वाक्य तर घरात कोणी काढूच नये.

पुढच्या वेळी पुन्हा नळीत राहण्याची शक्यता दहातली साधारण एक. म्हणून पाळी चुकली की लगेच कार्ड, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी. यासाठी मी डिस्चार्जच्या वेळी एक गोष्ट करून घेते. डिस्चार्ज कार्डावर कुठली नळी, उजवी की डावी, काढली की ठेवली, दुसरी कशी दिसली आणि रक्तगट कोणता, हे मोठ्या अक्षरांत लिहिते आणि तिच्याच मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढायला लावते. कारण दुसऱ्या गावाहून आलेली, पोटावर तीन छोटे व्रण असलेली बाई "पिशवीचं काहीतरी केलं होतं, कागद माहेरी राहिले" असं म्हणते, तेव्हा माहेरचा फोन लागेपर्यंत माझ्या हातात तेवढे व्रणच असतात.